तात्यांचं कऱ्हाटीचं भाषण

आमच्या भागात माणूस गेला की दहाव्याला नदीवर भाषणं होतात. पुण्याकडच्या माझ्या मित्रांना हे सांगितलं की ते डोळे मोठे करतात. दशक्रियेला भाषणं? हो बाबांनो, भाषणं. मांडव, खुर्च्या, माईक, हार घातलेला फोटो. आधी महाराजांचं प्रवचन आणि मग एकेक पुढारी उठून श्रद्धांजली वाहणार. मागं बसलेली माणसं फोन चाळतात, डेअरीला दूध घालायचं राहिलंय म्हणून चुळबुळ करतात. माझे वडील माईकपाशी गेले की मात्र चुळबुळ थांबायची.

वडिलांना सगळं गाव तात्या म्हणतं, म्हणून घरातही ते तात्याच. गाव अंथुर्णे, तालुका इंदापूर. कधीकाळी सभापती होते, त्याला जमाना झाला. पण पाटाच्या पाण्याचं भांडण असो, भावाभावांची वाटणी असो, ‘तात्यांना विचारा’ हे ठरलेलं. तात्यांनी शब्द टाकला की विषय संपला. आणि कुणी गेलं तर दहाव्याला तात्या बोलणार, हेही ठरलेलं. लग्नाहून आलेल्याला लोक जेवण काय होतं विचारतात, तसं दहाव्याहून आलेल्याला विचारायचे, "तात्या काय बोलले?"

त्यांची एक पद्धत होती. दहाव्याआधी ते त्या घरी जायचे. जातात सगळेच, पण बाकीचे ओसरीवर बसून चहा पिऊन उठतात. तात्या स्वयंपाकघराच्या दारात टेकायचे, सुनांशी बोलायचे, गोठ्यातल्या गड्याला चार गोष्टी विचारायचे आणि गेलेल्या माणसाची एक खरी गोष्ट काढून आणायचे. "चांगला व्हता, दानशूर व्हता, हे समद्यांबद्दल बोलत्यात," म्हणायचे. "खरं एक सांगावं. बाकीचं लोकांचं लोकं आठवत्यात." आमच्या शेजारच्या गावात एक महातिरसट म्हातारा होता. तो गेला तेव्हा खांदा द्यायलासुद्धा लोक नाखूश. तात्यांनी दहाव्याला एवढंच सांगितलं, की सुनेला दिवस गेले तेव्हा हा माणूस रोज शेतातून येताना खिशातून चिंचा आणून चुलीजवळ ठेवायचा आणि न बोलता निघून जायचा. मांडवात ती सून हुंदके देऊन रडली. ज्यांनी म्हाताऱ्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या त्यांनीही डोळे पुसले.

हे सगळं मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकलेलं आहे, आणि जळत ऐकलेलं आहे. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, तशातली गत. तात्यांच्या तोंडून चांगलं ऐकायचं तर आधी मरायला पाहिजे, असं मी एकदा आईला म्हणालो होतो. आईनं कणकेचा हात माझ्या तोंडावर ठेवला आणि म्हणाली, "काय बी बरळू नको."

मी जनावरांचा डॉक्टर. बारामतीच्या कडेला जळोचीत राहतो, आसपासच्या गोठ्यांतून फिरतो. तात्यांना मी माणसांचा डॉक्टर व्हायला हवा होतो. मार्क कमी पडले, मी व्हेटर्नरीला गेलो, आणि खरं सांगायचं तर मला तिथंच आवडलं. पदवी मिळाली तेव्हा गावानं सत्कार ठेवला. शाल झाली, नारळ झाला, आणि तात्यांनी माईक घेतला. "आमच्या पोराला माणसं तपासायला धाडला व्हता," म्हणाले, "त्यानं म्हशी धरल्या. बरं झालं. म्हैस तरी उलटं बोलत न्हाय." अख्खी चावडी हसली. मीही हसलो, न हसून जातो कुठं! पण त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत आलो. तात्या, औषध घेतलं का. तात्या, गाडी आलीय. लोक म्हणायचे, नशीबवान आहात डॉक्टर, असा बाप मिळाला. मी हो म्हणायचो. पिकतं तिथं विकत नाही, हे त्यांना काय सांगत बसू?

गेल्या दोनेक वर्षांत तात्यांना विसरायला होऊ लागलं. सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तात्यांना दुरुस्त करायची कुणाची टाप नव्हती. एका लग्नात त्यांनी नवरानवरीला एकच आशीर्वाद दोनदा दिला. लोकांना वाटलं, तात्या गंमत करतायत. मग एकदा मळ्यातून घरी येताना ते पाटाच्या पुलावर थांबले आणि आईला म्हणाले, "आता कुनीकडं?" ज्या रस्त्यावर त्यांनी खडी टाकून घेतली होती, तोच रस्ता. बारामतीच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, हे वाढत जाणार, वाद घालू नका, सांभाळून घ्या.

आईनं मला बाजूला घेतलं. आई आयुष्यभर तात्यांच्या मागं चार पावलं चाललेली बाई. पण त्या दिवशी माझं मनगट धरून बोलली. "हे बघ, त्यांचं आता काय राह्यलंय? लोकं नाव घेत्यात तेवढंच. कुनाच्या दहाव्याला न्यावं लागलं तर ने. हार घालू दे, पाया पडू दे, बसव आन् घिऊन ये. माईकपाशी जाऊ द्यायचं न्हाय. चारचौघांत हसं झालं तर मान्सं उद्यापास्नं ‘तात्या’ म्हनायची न्हाईत." मी म्हणालो, "बरं." ती म्हणाली, "बरं न्हाय, शब्द दे." मी शब्द दिला.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला कऱ्हाटीचे आबा गेले. आबा म्हणजे तात्यांचे जुने दोस्त. दोघांनी मिळून इलेक्शनं लढली, दोघं मिळून एकदा पडलेही. आबांच्या मुलाचा मला फोन आला. "डॉक्टर, दहाव्याला तात्या पाहिजेत. दोन शब्द बोलायला पाहिजेत. त्यांच्याबिगर वडलांचं पूर्ण व्हनार न्हाय." मी सांगितलं, "त्यांना बरं नसतं हल्ली. येतील, पण बोलायला लावू नका." तो हो म्हणाला. पण बाप गेलेल्या माणसाच्या ध्यानात काय राहणार?

सकाळी मी अंथुर्ण्याला जाऊन तात्यांना घेतलं. आईनं त्यांना परीटघडीचं धोतर, पांढरा सदरा, टोपी असं तयार करून ठेवलं होतं. गाडीत ते छान होते. आबांबद्दल बोलले, अगदी बरोबर बोलले. कऱ्हेच्या काठी मांडव भरला होता. तात्यांना बघून माणसं उठून उभी राहिली, वाट करून दिली आणि आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. महाराजांचं प्रवचन झालं. दोघं-तिघं पुढारी बोलले. आणि सूत्रसंचालकानं तात्यांचं नाव घेतलं.

इथं मी उठायला हवं होतं. उठून हात जोडून ‘तात्यांचा घसा बसलाय’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मुंडण केलेला आबांचा मुलगा समोर येऊन वाकला, तात्यांचा हात धरला, तात्या उठले. मी माझा हात त्यांच्या दंडापर्यंत नेला आणि मागं घेतला. मनात म्हटलं, सकाळपासून तर बरे आहेत. आणि त्याच्याही खाली, लाज वाटते सांगायला, पण खाली दुसरंच होतं: जाऊ दे, एकदा यांचीही फजिती होऊ दे की.

तात्यांनी माईक धरला आणि काय सांगू, सुरुवात सुरेख झाली. तोच खर्जातला आवाज, तीच थांबायची रीत. म्हणाले, "आबाला मान्सं लई व्हती, पन आबा रमायचा गोठ्यात. दारची गाय अडली तर हा मानूस जेवत न्हवता." मांडव गप्प झाला. मी खुर्चीत सैल झालो.

"अशीच एक गाय अडली व्हती," तात्या म्हणाले. "वासराची मुंडी मागं वळल्याली. आबा माझ्यापाशी रडला, म्हनला गाय जाती. तवा आमच्या पोराला बोलावलं. त्यानं सदरा काढला, शेनामुतात आडवा झाला, हात आत घातला तो खांद्यापत्तोर. दुपार टळली तरी उठला न्हाय. वासरू बी जगलं, गाय बी जगली. आन् मग हा पोरगा गोठ्याच्या मागं जाऊन एकटा रडत बसला. आबानं बघितलं. आबानं मला सांगितलं."

मी ताठ बसलो. ही गोष्ट खरी होती. नवाच डॉक्टर होतो तेव्हा. रडलो होतो, ते कुणी बघितलं असेल असं मला वाटलंच नव्हतं. आणि तात्यांना ती माहीत होती, इतकी वर्षं!

तात्यांनी आबांच्या फोटोकडं पाहिलं, मग समोर बघितलं. नजर माझ्यावरून फिरली, थांबली नाही. म्हणाले, "आज त्याच पोराच्या दहाव्याला आपन हितं जमलोय."

बायकांच्या बाजूनं कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. पुढच्या रांगेतले पुढारी एकमेकांकडं बघायला लागले. आबांच्या मुलानं माझ्याकडं पाहिलं, आवरा म्हणून. महाराजांनीही पाहिलं. सगळा मांडव माझ्याकडं बघत होता आणि माईकपर्यंतचं अंतर चार पावलांचंही नव्हतं.

मी उठलो नाही.

तात्या बोलत राहिले. "बापानं पोराची श्रद्धांजली वाहू नये. देवानं येळ आनली. हा पोरगा म्हशींचा डॉक्टर झाला, मी त्याला हसलो. चारचौघांत हसलो. त्यो बी हसला. घरी आल्यावर त्याच्या आईनं मला इचारलं, काय मिळवलंत? मी मोठा मानूस, मला कुनाची माफी मागायची सवय न्हवती. आज सांगतो, उद्या सांगतो, असं करता करता ऱ्हायलं. ह्या पंचक्रोशीत मी कुठंबी गेलो की लोकं म्हनायची, तुमच्या डॉक्टरनं आमची गाय वाचिवली. मी मुद्दाम इचारायचो, कशी वाचिवली सांगा. आयकायला बरं वाटायचं. त्याला मातुर सांगितलं न्हाय."

अहो, काय करणार होतो मी? पन्नाशीला आलेला माणूस, दाढी पांढरी झालेली, आणि खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून बसलेलो, की आणखी बोलू दे, आणखी एक वाक्य. समोर माझ्या बापाचं हसं होत होतं. मागं पोरांनी फोन वर केलेले दिसत होते. आबांच्या घरच्यांचा दहावा बिघडत होता. हे सगळं मला दिसत होतं, कळत होतं, आणि तरी मला ते थांबायला नको होतं. आयुष्यात एकदाच वाढलेल्या पानावरून मला उठवेना.

शेवटी तात्यांनीच संपवलं, नेहमीसारखं. "दोन मिन्टं उभं राहून श्रद्धांजली वाहू या." आणि इतक्या वर्षांची सवय बघा: तात्यांनी म्हटलं म्हणून अर्धा मांडव उभा राहिला. मागाहून उरलेलेही कचरत उठले. मग मीही उठलो, दुसरं काय करणार? मान खाली घालून माझ्याच श्रद्धांजलीला उभा राहिलो.

नंतर माणसांनी सावरायचा प्रयत्न केला. "डॉक्टर, आयुष्य वाढलं तुमचं!" म्हणत दोघंतिघं पाठीवर थाप मारून गेले. आबांचा मुलगा गाडीपर्यंत सोडायलाही आला नाही. त्याच्या वडलांबद्दल तात्या जेमतेम दोन वाक्यं बोलले होते. त्या घरानं ज्यासाठी तात्यांना बोलावलं, ते मी बसून खाल्लं.

गाडीत तात्या समाधानात होते. "बरं झालं का रं?" त्यांनी विचारलं.

"चांगलं झालं, तात्या."

"लोकं गप व्हती. लोकं गप असली की समजायचं."

मला तेव्हा तरी काही बोलता यायला हवं होतं. मीसुद्धा तुमच्याबद्दल लोकांकडून ऐकत होतो, मलाही बरं वाटायचं, असलं काहीतरी. वाटेतल्या मेडद गावापर्यंत मी शब्द जुळवत होतो. मग तात्यांना झोप लागली आणि मी सुटलो.

आम्ही अंथुर्ण्याला पोचायच्या आत क्लिप पोचली होती. आई दारातच उभी होती. तिनं तात्यांना आत नेऊन पाणी दिलं, निजवलं. मग मूठभर मीठ-मोहऱ्या घेऊन बाहेर आली आणि मला पायरीवर बसवून माझी दृष्ट काढायला लागली. जित्या माणसाची श्रद्धांजली झालेली, आई दृष्ट काढल्याशिवाय काय सोडते! ओवाळता ओवाळता म्हणाली, "शब्द दिला व्हतास."

"धाडस झालं नाही गं. सगळ्यांच्या देखत त्यांच्या हातातला माईक कसा काढू?"

तिचा हात थांबला नाही. "खोटं बोलतुयास. तुला आयकायचं व्हतं." मूठ अंगणातल्या चुलीत टाकली, मोहऱ्या तडतडल्या. आत जाताना म्हणाली, "मला इचारायचं व्हतंस. मी सांगितलं आस्तं तुला सगळं. मला म्हाईत व्हतं."

तेही खरंच. मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर मी फोन लावत सुटलो. हे पोरगं, ते पोरगं, अमक्या ग्रुपचा ॲडमिन: बाबांनो, म्हातारा माणूस आहे, ती क्लिप काढा. कुणी लाजून काढली, कुणी "व्हय व्हय डॉक्टर" म्हणून ठेवली. एकानं तर तिला हसण्याचा आवाज जोडला होता. त्याच्या गोठ्यात मी वर्षानुवर्षं जातो. त्याला मी फोनवर जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. बायकोनं क्लिप अर्धी पाहिली आणि फोन पालथा ठेवला. सगळ्यांना काढायला लावलेली ती क्लिप एका फोनमध्ये मात्र अजून आहे, माझ्या. गोठ्यांच्या फेऱ्या करताना गाडी कडेला लावतो आणि ऐकतो. ऐकल्यावर स्वतःची शिसारी येते. तरी ऐकतो.

तात्यांना बोलावणी यायची थांबली. कुणी अपमान केला नाही, आमच्याकडं असलं कुणी तोंडावर करत नाही. फक्त फोन येईनात. अंथुर्ण्यातच एक म्हातारी गेली, तिच्या दहाव्याला दुसरेच कुणी बोलले. वाटणीचं एक भांडण तात्यांच्या दारावरून पुढं वकिलाकडं गेलं. येणारा-जाणारा रामराम घालतो, पण थांबत नाही. आणि तात्या रोज सकाळी धोतर नेसून ओट्यावर बसतात.

गेल्या रविवारी मी गेलो होतो. आई शेंगा फोडत होती. तात्यांनी मला शेजारी बसवलं. कऱ्हाटीचं त्यांना काहीही आठवत नाही. आबा गेले हेही कधी आठवतं, कधी नाही. रस्त्याकडं बघत होते. मग म्हणाले, "लोकं येत न्हाईत रं हल्ली. माझं काय चुकलं का कुठं?"

आईचा हात शेंगांवर थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"तुमचं काही चुकलं नाही, तात्या," मी म्हणालो. "माझं चुकलं. माझ्यामुळं येत नाहीत."

मला वाटलं, आता विचारतील, काय केलंस? सगळं सांगायची मी तयारी केली होती. पण त्यांनी विचारलं नाही. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्याच्या आधारानं उठायला लागले.

"आसं हाय व्हय? मग आदी सांगायचं. चल, गाडी काढ. मी येतो तुझ्यासंगं," ते म्हणाले. "पोरगं माझं हाय, पदरात घ्या म्हनून सांगतो त्यास्नी. माझा शब्द कोन मोडत न्हाय."